दही लागेना

दही लागलं नाही तेव्हा वहिनीने पहिला दोष विरजणाला दिला. शेजारून नवं विरजण आणलं, भांडी उकळत्या पाण्यातून काढली. सकाळी झाकण उघडलं तर दूध ठेवलं तसंच, पांढरंशुभ्र, पातळ. नासलेलं नाही, आंबलेलंही नाही. नासलं असतं तर तिला काही वाटलं नसतं, नासलेल्या दुधाशी झगडण्यात तिचा जन्म गेला होता. हे दूध मात्र नुसतं तिच्याकडे बघत बसलं होतं.

ती फक्त धाकट्या दिराची वहिनी, पण त्याचं ऐकून सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. नवरा ट्रक घेऊन लांबलांबच्या फेऱ्या करायचा, त्यामुळे पाच गायींचा गोठा, दह्याची गिऱ्हाइकं आणि सासूबाई, सगळं हिच्याच अंगावर. त्यात दिराने, म्हणजे भाऊजींनी, जनावरांसाठी पावडर काढली. लसूण, ओवा, हळद वाळवून दळलेली. 'इंजेक्शनाशिवाय निरोगी जनावर' असं पिशवीवर छापलं होतं. गायींच्या खुराकात, आंबोणात, मूठभर टाकायची, बस. ती सुरू केल्यापासून कुणाची कास सुजली नाही, वासरं हगवणीने गळाली नाहीत. वहिनीनेच चार लोकांना कौतुकाने सांगितलं, चार लोकांनी चाळीस जणांना, आणि भाऊजींची चक्की दिवसभर घरघरू लागली.

पाच गायींतली एक नखरेल होती. लसणाचा वास आला की गव्हाणीतून तोंड काढून घ्यायची, म्हणून तिला पावडर कधी दिलीच नव्हती. वहिनीने तिचं दूध वेगळं विरजलं. सकाळी ते भांडं उपडं केलं तरी दही हललं नाही. शेजारी चार भांड्यांत दूध डुचमळत होतं.

ती तशीच पदराला हात पुसत भाऊजींच्या शेडवर गेली. आत लसणाचा घमघमाट. भाऊजी नाकाला रुमाल बांधून फावड्याने पावडर ढवळत होते. भिंतीशी पांढरी पोती होती, त्यांच्यावर ना नाव ना गाव.

"भाऊजी, त्या पोत्यांत काय आहे?"

"मीठ. खनिजं. तुम्ही कशाला आलात एवढ्या धुळीत?"

"मिठाने दही लागायचं थांबत नाही."

भाऊजींनी फावडं भिंतीला टेकवलं. रुमाल खाली ओढला आणि उगाच हसले. "चिमूटभर अँटिबायोटिक असतं हो, वहिनी. बाकी सगळं खरंच आहे, लसूण मी स्वतः निवडून घेतो. पण नुसत्या लसणाला गुण यायला वेळ लागतो. गोठा स्वच्छ पाहिजे, जागा कोरडी पाहिजे. एवढं कोण करतंय? लोकांना आज पावडर टाकली की उद्या जनावर टवटवीत पाहिजे. म्हणून या खेपेला जरा वाढवलं."

"म्हणजे जे टाळायचं म्हणून आम्ही हे घेतलं, तेच रोज चारत होतो?"

"रोज थोडंथोडं," भाऊजी म्हणाले, जणू थोडंथोडं म्हटल्याने गोष्ट लहान होत होती.

वहिनीने त्याच दिवशी पावडर उकिरड्यात ओतली. गोठा खरवडून काढला, कोरडा भुसा पसरला, खरा लसूण ठेचून आंबोणात घातला. पण आठवडा उलटला नाही तोच पावडर खाणाऱ्या चार गायींतल्या कपिलेची कास दगडासारखी झाली. जनावरांची डॉक्टरीण आली. तिने टोचलं, दुसऱ्या दिवशी औषध बदलून टोचलं, पुन्हा बदललं. सडातून रक्त आणि पू येत राहिला.

"हिने आधी काय खाल्लंय?" डॉक्टरणीने विचारलं.

वहिनीने सगळं सांगितलं. डॉक्टरीण हात धुता धुता थांबली. "तरीच. जंतू या औषधांना सरावलेत. गेल्या महिन्यापासून ज्या गोठ्यात जाते तिथे हेच." मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "दूध कच्चं कुणी पीत नाही ना घरात?"

सासूबाईंना धारोष्ण दुधाशिवाय करमत नसे. गेले दोन दिवस त्या अंग दुखतंय म्हणून पडून होत्या. अंगात कणकण होती, लघवीला आग होत होती. वयाचं दुखणं, असं त्याच म्हणाल्या होत्या.

कपिला गेली त्या दुपारी सासूबाईंना दवाखान्यात हलवावं लागलं. ताप उतरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक औषध दिलं, मग दुसरं, तिसरं. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. भाऊजी आईच्या पायाशी बसून राहिले. हाताला लसणाचा वास तसाच होता.

"हे दुधामुळेच झालं कशावरून?" ते म्हणाले.

"कशावरूनच नाही. कुणी छातीठोक सांगणार नाही," वहिनी म्हणाली. "पण पोत्यांत काय होतं ते आत्ता डॉक्टरांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

भाऊजी उठले. दाराशी जाऊन परत आले, पुन्हा गेले. शेवटी डॉक्टरांसमोर उभे राहून त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि नर्सला बोलावलं.

व्हरांड्यात येऊन भाऊजींनी फोन काढला. वहिनी शेजारीच उभी होती. एकेका गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, पावडर थांबवा, दूध विकू नका, त्यात अमुक आहे. पहिल्याने शिव्या घातल्या. दुसऱ्याने फोन ठेवला. तिसरा मोठा गोठेवाला होता, त्याचा आवाज वहिनीलाही ऐकू आला.

"अहो, आत काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं होय? नुसत्या लसणाने एवढा गुण येतो कुठे! तुम्ही घाबरू नका. या खेपेला दोन पोती जास्तच पाठवा."

"मी बंद केलंय," भाऊजी म्हणाले.

"करा की. नाक्यापलीकडे दुसरा देतोच आहे. तुमच्यापेक्षा कडक."

फोन बंद झाला. भाऊजींनी वहिनीकडे पाहिलं, पण ती आत वळली होती. खोलीत नर्स सासूबाईंच्या उशाशी सलाइनची नवी बाटली अडकवत होती. वहिनीने विचारलं, हे चौथं औषध ना?

"हो," नर्स म्हणाली. "आमच्याकडे आता एवढंच आहे."