दगड जमिनीत किती?

लहानपणापासून माझं आणि दादाचं एकच भांडण. माळावरचा तो उंच उभा दगड जमिनीत किती आहे? दादा म्हणतो, जेवढा वर तेवढाच खाली. मी म्हणते, हातभर असेल, उगाच काहीतरी! खणून बघायची सोय नाही. लिहिणं-वाचणं नव्हतं त्या काळात कुणीतरी उभा केलेला, आता सरकारने संरक्षित केलेला. नुसतं नख लावलं तरी शिक्षा.

यंदा तो कलला म्हणून पुरातत्त्व खात्याने बुंध्याशी खड्डा घेतला, दोन दिवसांत बुजवणार होते. आणि नेमका दादा खुब्याचं ऑपरेशन होऊन पलंगावर! डॉक्टर कानीकपाळी ओरडले, आता चालला नाहीत तर कायमचं अंथरूण धराल. हा ढिम्म. वॉकरवर टॉवेल वाळत घातलेला. पडायची भीती बसली होती, पण कबूल करेल तर शपथ.

मी माळावर जाऊन आले आणि त्याच्या दारात उभी राहिले.

"काय गं, किती निघाला?"

"स्वतः बघून ये."

"सांग ना, जीव नको खाऊस."

"नाही सांगत जा! पाय आहेत ना?"

मला कैदाशीण म्हणून झालं, जेवणावर रुसून झालं. सकाळी बघते तर टॉवेल जमिनीवर आणि दादा वॉकर धरून उभा, लटपटत, माझ्या नावाने बोटं मोडत.

जीप माळाच्या कडेपर्यंत गेली. पुढे आम्ही गोगलगाय बरी अशा चालीने निघालो. खात्याच्या बाई मला बघून हसल्या. "काल खड्ड्याकडे पाठ करून उभ्या होतात. आज तरी बघणार ना?"

दादा थबकला. "तू बघितलंच नाहीस?"

"एकटीने बघून भांडू कुणाशी?"

दोघं डोकावलो. दगड कमरेइतका खाली गेलेला, भोवती लहान दगड ठासून बसवलेले.

"म्हणजे दोघंही हरलो," मी म्हटलं.

"अगं, ते मरू दे! ते बघ, ते काळे गोटे इथले नाहीतच. नदीतले आहेत. एवढ्या वर आणले कुणी? आणि कशाला?"

दादा दोन्ही हात नाचवत दाखवत होता. वॉकर दोन पावलं मागे राहिला होता. मी त्याला कळू न देता त्याच्या पाठीशी हात पसरून उभी राहिले.