खोली वजा बाबा

मंगळवारी दुपारी चार वाजून अकरा मिनिटांनी बाबांचं नाव ऑपरेशनच्या यादीतून गळलं. पण तसं काही झालेलं नाही. आपण असं धरून चालू की अजून सकाळ आहे, यादी जागच्या जागी आहे, बाबा खुर्चीत बसून धापा टाकताहेत आणि धाकटा लॅपटॉपसमोर मांडी घालून म्हणतोय, "यात काय आहे? दोन तासांचं काम."

बाबांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून झोपसुद्धा खुर्चीतच. नवी झडप बसवायला हॉस्पिटलच्या यादीत नाव, आणि अकरा महिने काढून ते नाव चौथ्या नंबरावर आलेलं. आता उरली होती व्हिडिओवरची पडताळणी. रुग्णाने चार वाजता कॅमेऱ्यासमोर थेट हजर व्हायचं. चित्रात एकट्याने. मागे काहीही नको. लिंक एकदाच उघडणार. हुकली की नाव यादीच्या तळाला. आणि आणखी अकरा महिने ही झडप तग धरणार नाही, हे डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईने ते धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना ते कोणी बाजूला न घेताच कळलं होतं.

'मागे काहीही नको' असं ज्याने लिहिलं त्याचं घर मोठं असावं. इथे बाबांच्या मागे कपाट, कपाटावर ट्रंक, ट्रंकेवर बादली, आणि बादलीत काय आहे ते विचारायचं नाही असा घरात अलिखित करार. चादर लावावी तर एकूण एक चादरीवर फुलं. शेजारून पांढरी मागून आणतो म्हटल्यावर आई कडाडली, "पांढरी चादर मी यांच्या आसपाससुद्धा येऊ देणार नाही!"

म्हणून सॉफ्टवेअर. धाकटा झेरॉक्सच्या दुकानात कामाला, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं याला सगळं येतं अशी घरात समजूत. ती मोडायचा त्याला धीर होत नव्हता. हे सॉफ्टवेअर कॅमेरा आणि कॉल यांच्या मधे बसायचं. येणारं चित्र येता येता बदलायचं आणि पुढे सोडायचं. उघडलं तर राखाडी पडदा, त्यावर चौकोन, चौकोनांना तारा. एक तार जोडली, बाबा निळे झाले. दुसरी जोडली, उलटे टांगले गेले. तिसरीला बाबांचे सोळा बाबा.

"एकाला झडप मिळेना," बाबा म्हणाले, "आणि तू सोळा कर." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

साडेतीनला हवा तो चौकोन सापडला. आधी रिकाम्या खोलीचा एक फोटो घ्यायचा. मग सॉफ्टवेअर चालू चित्रातून तो फोटो सतत वजा करत राहतं. जे आधीपासून होतं ते पांढरं. जे नवं आलं तेवढंच दिसतं.

"बाबा, जरा उठता? खोली रिकामी पाहिजे."

"उठायला पाच मिनिटं, परत बसायला पंधरा. मधे गेलो तर?"

"अभद्र बोलू नका हो," आई आतून ओरडली. "आणि तू रे, बसलंय माणूस तर बसू दे. दगडासारखे बसतील ते. तेवढ्याने तुझ्या फोटोचं काय बिघडतंय?"

काय बिघडतंय हे धाकट्यालाही माहीत नव्हतं. त्याने फोटो घेतला आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. पडद्यावर कोऱ्या पांढऱ्यावर तो एकटा, लख्ख. कपाट गेलं, ट्रंक गेली, बादली गेली. आनंदाच्या भरात आणखी काय काय गेलं ते त्याने मोजलं नाही.

चारला लिंक उघडली. पडताळणीच्या बाई म्हणाल्या, "रुग्णाला समोर बसवा."

"बसलेत की."

"मला पांढरं दिसतंय."

धाकट्याने पडद्यात पाहिलं. नुसतं पांढरं. मधे एक बारीक रेघ तेवढी वरखाली होत होती.

"मॅडम, ती रेघ हलतेय ना? ते बाबा. त्यांचा श्वास आहे तो."

"चेहरा लागतो. श्वास चालत नाही."

"बाबा, हात हलवा!"

पांढऱ्यातून एक हात मनगटापर्यंत उगवला आणि निरोप दिल्यासारखा हलला. "हात आला," बाई म्हणाल्या. "बाकीचे कधी येतायत?"

सॉफ्टवेअर बंद केलं तर कॉल तुटणार. नवा फोटो घ्यायचा तर बाबांना दारापर्यंत चालवायचं, आणि दार होतं नऊ पावलांवर. बाबांच्या मापाने परगाव. चार वाजून सात मिनिटं.

"बाबा, उठा. नुसते उभे राहा. पाया पडतो."

बाबांनी दोन्ही हात खुर्चीवर रेटले. आई सावरायला धावली तसा धाकटा किंचाळला, "आई, तू नको! एकटेच दिसले पाहिजेत!" ती जागच्या जागी थिजली, हात पुढे करून. बाबा थरथरत उभे राहिले. पडद्यावर अखेर अख्खे बाबा उमटले, काळेनिळे ओठ, उघडं तोंड. त्यांच्या मागे, रिकाम्या झालेल्या जागी, बाबांच्याच आकाराचं आणखी कोणीतरी बसलेलं होतं, अंगभर खुर्चीचं कापड घेऊन.

"आता दोन आहेत," बाई म्हणाल्या.

"ती खुर्ची आहे हो!"

"बसलेली आहे."

बाबा धपकन खुर्चीत बसले, आपल्या आकारात नेमके शिरले आणि मिटले.

"कुठे गेले?"

"बसले, मॅडम! इथेच आहेत. मी हात लावलाय त्यांना!"

हे बोलताना तोही चित्रात आला. लिंक बंद झाली. पडद्यावर शेरा आला: रुग्ण अनुपस्थित. त्रयस्थ व्यक्ती आढळल्या, दोन.

"दिसलो का रे?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"दिसलात की."

"मग झालं."

आई खुर्चीशी बसून त्यांचे तळवे चोळत राहिली. धाकट्याने अर्ज लिहायला घेतला.

'महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर रुग्ण सदर वेळी सदर खुर्चीत हजर होते. केवळ खोलीत आधीपासून असल्याकारणाने ते वजा झाले. यात रुग्णाचा कोणताही दोष नाही. तरी "अनुपस्थित" हा शेरा रद्द करून त्याऐवजी "पार्श्वभूमी" अशी नोंद घ्यावी, व सदर पार्श्वभूमीच्या हृदयाची झडप, चौथा क्रमांक कायम ठेवून, चालू महिनाअखेरीपर्यंत बदलून देण्यात यावी, ही नम्र विनंती.'