ओळीआधीची जागा

"आभाराचं स्तोत्र माझ्याच्यानं व्हनार न्हाई," केशरबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

चर्चचे पाळकसाहेब दारातच उभे होते. "सहादेवला जाऊन आज महिना झाला. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानायला नकोत? एकशे तिसरं घ्या."

"कशाचे मानू? महिना झाला, गळ्यातून सूर न्हाई निघाला. अन् गायचं म्हनलं तरी वाचनारं लागतं."

"सूनबाई वाचेल की."

खांद्यावरचं बाळ सावरत मी मान डोलावली.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अक्षरओळख नाही, हे सोनईच्या आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक. दादा, म्हणजे माझे सासरे, सातवी शिकलेले. ते आईंच्या डाव्या हाताला उभे राहून हळूच एक ओळ वाचायचे, मग आई ती गायच्या, त्यांच्यामागून सगळी मंडळी. चौतीस वर्षं असंच. दादांचा गळा मात्र फाटका. तरुणपणी ते गाणाऱ्यांत जाऊन बसले, तेव्हा पेटी वाजवणारे आप्पासाहेब म्हणाले होते, "सहादेवा, तू नुसतं तोंड हलव." सगळे हसले. दादाही हसले, पण पुन्हा कधी गायले नाहीत. आठवडाभर दूध डेअरीवर कॅन धुणारा तो माणूस रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ओळ वाचायला मात्र ताठ उभा राहायचा.

चार वाजता आमच्या घरी माणसं जमली. मी दादांचं पुस्तक उघडलं. कॅन धुऊन चिरा पडलेल्या बोटांनी पानांचे कोपरे काळपट झाले होते. मी पहिली ओळ वाचली. आई गप्प. पुन्हा वाचली. त्या सतरंजीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात बाळ दचकून रडायला लागलं. त्याला थोपटताना माझं पान उलटलं, ओळ सापडेना. डोळे भरून आले.

आईंनी हात पुढे केला आणि पुस्तक अलगद मिटलं.

मग त्यांनी डावीकडे मान कलती केली. तिथं कुणीच नव्हतं. एक ओळ वाचून व्हायला लागतो, तेवढाच वेळ त्या थांबल्या. आणि गायल्या. पुन्हा मान कलती, पुन्हा तेवढंच थांबणं, पुढची ओळ. सूर दोनदा फाटला, शब्द एकही चुकला नाही. शेवटाकडे त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. रडत होत्या, तरीही. मंडळी मागून म्हणायचंच विसरली. आप्पासाहेबांचे हात पेटीवर नुसते ठेवलेले.

लोक गेल्यावर आई मोरीवर कप विसळत होत्या. मी शेजारी बसले.

"आई, तुम्हाला पाठ होतं?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"लगनाच्या दुसऱ्या वर्षापासनं. हेच न्हाई, लई हायेत."

"मग दादांकडून वाचून का घ्यायचात?"

त्यांनी कप पालथा घातला.

"मी पाठ म्हनले असते, तर त्यांनी कुठं उभं ऱ्हायचं?"

मी पुढचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"दादांना माहीत होतं?"

"काय की. एकदा चष्मा घरी इसरले, तरी बरोब्बर वाचलं." त्या किंचित हसल्या. "मी न्हाई इचारलं."

मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "सकाळी म्हनले ना, उपकार कशाचे मानू. गाताना दर ओळीच्या आधी आले गं ते. तेवढ्याचे मानले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला दूध पाजत मी खिडकीशी बसले होते. बाहेर आई अंगण झाडत होत्या, गुणगुणत. खराटा चालायचा, ओळ संपायची. मग खराटा थांबायचा, मान डावीकडे कलायची, आणि अंगणात क्षणभर काहीच वाजायचं नाही.

मग पुढची ओळ.