डावीकडे कललेली मान

शर्टाचं सगळ्यात वरचं बटण आज पुन्हा डावीकडे सरकलेलं दिसलं — म्हणजे बटण होतं तिथेच होतं, सरकली होती ती मान, आणि मार्तंड आरशासमोर उभा राहून उगाच बटणालाच सरळ करत होता. कानामागून खांद्यापर्यंत ओढलेली ती ताठ दोरी सकाळपासूनच ठणकत होती. शिवाय आज डॉक्टर मानेचा एक्स-रे फोटो बघून निकाल सांगणार होते.

कारखान्यातले सगळे ड्रॉइंग-बोर्डाला दोष देत. तिथे वाकून वाकून मानेची वाट लागली म्हणत. बळवंत तेवढा शेजारच्या टेबलावरून हसायचा, "नाटक पुरे यार! सुट्टी पाहिजे तर सरळ माग ना." बळवंतचं सोडा, त्याला स्वतःच्या दाताशिवाय कुणाचं दुखणं खरं वाटत नाही… पण क्षमालाही तसंच वाटत असलं तर? रोज रात्री ती न बोलता मानेला तेल चोळते, ते विश्वास आहे म्हणून की बायको आहे म्हणून? मार्तंडला ते विचारायचं धैर्य होत नव्हतं. म्हणून तर फोटोत काहीतरी निघावं अशी त्याला आशा होती. एखादा मणका झिजलेला, एखादी फट — दाखवता येईल असं काहीतरी.

मुलुंडच्या दवाखान्यात डॉक्टर गुप्त्यांनी तो काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "झकास! मणके शाबूत आहेत."

फोटो चांगला आला म्हणून तोंड पाडून बसणारा मीच पहिला असेन, मार्तंडच्या मनात आलं. शेजारच्या खुर्चीवर क्षमा होती. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

"म्हणजे दुखत नाही असं नाही हं," डॉक्टर म्हणाले. "दार मजबूत, बिजागरी मजबूत, पण वर्षानुवर्षं एकाच बाजूला अर्धवट उघडं ठेवलं की ते तसंच अडतं. मोडलेलं काही नाही, चाल बिघडलीय. स्नायू आखडून राहायला शिकलाय. पण शिकला कुठे? बोर्डावर कसे उभे राहता, दाखवा."

मार्तंड उभा राहिला. मान अगदी सरळ. डॉक्टर बुचकळ्यात पडले. तेवढ्यात क्षमा उठून त्याच्या डाव्या हाताला आली आणि नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाली, "ते झोपेचं पण सांगा ना…" आणि तो डावीकडे झुकला, कान थेट तिच्या तोंडाशी.

"थांबा! तसेच थांबा. वहिनी, परत बोला बघू."

वहिनी कसल्या बोलतात! पदर तोंडाला लावून त्या लाजून लाल झाल्या.

मार्तंडला आठवल्या लग्नानंतरच्या, घाटकोपरच्या त्या दोन खोल्या… मधल्या दाराशी भाऊंची खाट, म्हणजे मार्तंडच्या वडिलांची, आत दोन बहिणी, आणि मोठ्यांसमोर नवराबायकोने बोलायचं नाही ही घरची रीत. जे काही बोलायचं ते चहाचा कप देताना, कुजबुजत. ती ठेंगणी, हा ताडमाड. झुकल्याशिवाय ऐकू येणार कसं? दिवस गेल्याचं तिने तसंच सांगितलं, आणि ते राहिलं नाही तेही तसंच. पुढे बहिणी सासरी गेल्या, भाऊ गेले, मुलुंडला स्वतःचा ब्लॉक झाला. आता इथे ऐकायला कोण होतं? तरी तिचा आवाज वर चढला नाही आणि त्याची मान सरळ झाली नाही. ते दोघांनाही कळलं नव्हतं, हे त्याला फार गोड वाटलं. दुखणं एकदम आपलंसं वाटलं.

शेक, रोजचा व्यायाम, आणि वहिनींनी समोर उभं राहून मोठ्याने बोलायचं — असं औषध घेऊन दोघं घरी आली.

"चहा ठेवू?" स्वयंपाकघरातून आवाज आला आणि मार्तंड दचकलाच. जरा घोगरा, भरदार. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि बायकोचा आवाज असा आहे हे त्याला आज समजत होतं. त्याला तो अतोनात आवडला.

क्षमा बाहेर आली, समोर उभी राहिली. "तुमचं दुखणं मला कधी खोटं वाटलं नाही," ती त्याच मोठ्या आवाजात म्हणाली. "पण एक विचारू? मला बघायला आलात, तेव्हा मी आवडले होते?"

त्याने मान डोलावली.

"हेच! जन्मभर हेच केलंत. झुकून ऐकलंत सगळं, पण उत्तराला नुसती मान. ते मूल गेलं तेव्हासुद्धा. मी वाट बघत होते हो, काहीतरी बोलाल म्हणून."

ती रागावली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. आपण झुकतो, आपण सोसतो, यातच तो आतापर्यंत खूष होता… आणि ही मात्र त्याच्या कानाशी उभी राहून, इतकी जवळ, एकटीच बोलत राहिली होती. तिचं काय आखडलं असेल ते कुठल्या फोटोत येणार?

"आवडली होतीस," तो म्हणाला. पण आवाज निघाला तो कुजबुजता. आडवं यायला आता भाऊंची खाट नव्हती, कुणीच नव्हतं.

"ऐकू नाही आलं," क्षमा म्हणाली. तिचे कान शाबूत होते. ती जागची हलली नाही.

मार्तंडने श्वास घेतला. मूल गेल्या दिवशी तिला सांगायचं होतं तेही आत कुठेतरी तसंच पडून होतं, आणि आता आधी कुठलं बोलावं हे त्याला कळेना. मानेचं ठणकणं आहे की थांबलं, याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.