सासऱ्यांची स्वस्त रायफल

माझ्या सासऱ्यांनी मला नेमबाजीच्या स्पर्धेत जोडीदार म्हणून घेतलं, कारण गावात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. त्यांचा जुना जोडीदार वॉल्ट गुडघ्यांना थंडी सोसवेना म्हणून फ्लोरिडात राहायला गेला होता. माझा नवरा डेल लोहखनिजाच्या बोटीवर होता आणि लेक सुपीरियर गोठेपर्यंत काही घरी येणार नव्हता. मी टोलेडोची, शहरात वाढलेली. सासरी आले तोवर बंदूक कधी हातात धरली नव्हती.

"डोळे बरे आहेत ना तुझे?" सकाळच्या कॉफीला बसल्यावर आर्व्होंनी विचारलं.

"आहेत की."

"मग पुरे. बाकीचं मी शिकवतो."

आमच्या इथे सासऱ्यांना नावानेच हाक मारतात. शिवाय आर्व्हो कांगस यांना दुसरं काही म्हणून हाक मारली, तर ते मागे वळून कोणाला बोलावलं ते बघतील.

सप्टेंबरअखेरीला गावातल्या नेमबाजांच्या क्लबात जोड्यांची स्पर्धा असते. दोघांत मिळून एक रायफल. तीही दुकानातली सगळ्यांत स्वस्त, बावीस बोअरची सेमी ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं, चाप मात्र दर वेळी नव्याने ओढायचा. वर दुर्बीण लावलेली चालते, स्क्रू घट्ट केलेले चालतात, पण कुठलाही भाग बदलायचा नाही. पैसेवाल्यांनी भारी नळ्या बसवून जिंकू नये म्हणून हा नियम. बक्षीस म्हणजे अर्धं डुक्कर, कापून, कागदात बांधून, थेट फ्रीझरमध्ये ठेवता येईल असं. गेली तीन वर्षं ते डुक्कर आर्व्होंच्या धाकट्या बहिणीच्या घरी जात होतं. आइली आत्या आणि तिचा नवरा वेस. हिवाळाभर आत्या भावाला जेवायला बोलवायची आणि वाढताना आठवणीने म्हणायची, "घे आर्व्हो, लाजू नकोस. तुझ्याकडे कुठलं आलंय असलं मांस!"

आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून रायफल आणली आणि घरामागच्या वाळूच्या खाणीत गेलो. पन्नास यार्डांवर कागद लावला. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, कानांवर आवाज अडवणारी झाकणं. मी दहा गोळ्या झाडल्या. कागदाजवळ जाऊन पाहिलं तर बशीएवढ्या जागेत भोकं विखुरलेली.

"टोलेडो," आर्व्हो एवढंच म्हणाले.

"टोलेडोचं काय मध्येच? बंदूकच तशी आहे."

"बंदूक म्हणजे लाकूड आणि लोखंड. ती चुकत नाही."

"मग मारून दाखवा ना."

ते बसले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असला तरी उजवा अजून चांगला होता, आणि दुर्बिणीतून त्यांना छान दिसायचं. सावकाश दहा गोळ्या मारल्या. पुन्हा बशीच! त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मला हसू काही आवरेना.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. बंदूक चुकत नाही म्हणे."

त्या दिवसापासून आम्ही खरे कामाला लागलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा हट्ट. आर्व्होंना सगळं एकदम करायचं असायचं. आधी नळी जिथे लाकडी दस्त्याला धरलेली असते तो स्क्रू पाहिला. तो ढिला होता, घट्ट केला. बशीची वाटी झाली. मग लक्षात आलं की मी पिशवीवर नळीच टेकवतेय. दाब पडून ती दर वेळी वेगळीकडे सरकत होती. दस्त्याचं लाकूड टेकवायला लागले, वाटी आणखी लहान झाली.

मग काडतुसं. दुकानात असतील नसतील तेवढ्या जातींचं एकेक खोकं आणलं. सगळ्यांत महागाची काडतुसं सुरेख जवळजवळ लागायची, पण त्यांचा जोर इतका कमी की रायफल मध्येच अडकायची. सगळ्यांत वेगवान होती ती पिसाळल्यासारखी कुठेही जायची. शेवटी हिरव्या खोक्यातल्या एका साध्यासुध्या काडतुसाने पाच भोकं एका अक्रोडाएवढ्या जागेत पाडली.

"हे बघा!" मी नाचलेच.

"एकदा झालं म्हणजे झालं असं नाही," आर्व्हो म्हणाले. पण कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला, आणि घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला.

आमचं खरं भांडण झालं ते साफसफाईवरून. आर्व्हो रोज संध्याकाळी नळीतून तेलाचा बोळा फिरवत, मग कोरडा, मग पुन्हा तेलाचा. दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या गोळ्या इकडेतिकडे जायच्या, आणि दहा-पंधरा झाल्या की सगळं जागेवर यायचं. तीन-चार वेळा असंच झाल्यावर मी म्हटलं, "आर्व्हो, नळी इतकी घासू नका. तिला थोडी मळलेलीच आवडते."

"कांगसांच्या घरात मळकी बंदूक? माझ्या बापाने मला घराबाहेर काढलं असतं."

"तुमच्या बापाला अर्धं डुक्कर हवं होतं का?"

ते उठून बाहेर गेले. कुदळ घेऊन बटाट्यांची एक अख्खी ओळ उकरून आले तेव्हा कुठे शांत झाले. "नळीला हात लावत नाही," म्हणाले, "पण बाहेरून पुसणार. त्याला नाही म्हणालीस तर मी वॉल्टला फ्लोरिडातून बोलावतो." मग रोज ते ती रायफल बाहेरून अशी पुसायचे, जशी एखाद्या म्हातारीची चांदीची किटली.

माझ्यातही दोष होते. चाप जड होता आणि तो ओढताना मी डोळे मिटायचे. शिवाय गोळी सुटली रे सुटली की डोकं वर काढून कागदाकडे बघायचे.

"भोक काय पळून जातंय का?" आर्व्हो ओरडायचे. "चाप ओढलास की तसाच धरून ठेव. नेम तसाच. एक श्वास घे. मग बघ."

रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव त्यांनी स्वयंपाकघरात करून घेतला. आतल्या टाचणीला इजा होऊ नये म्हणून काडतुसाच्या जागी भिंतीत स्क्रूआधी घालतात ती पिवळी प्लास्टिकची गिट्टी ठेवायची. नळीवर एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं चिमुकलं नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडलं की हरले. पहिल्या आठवड्यात नाणं फरशीवर खणखणत राहिलं. नंतर पडेनासं झालं. तेव्हा आर्व्होंनी माझ्यासाठी स्वतः नीसू, म्हणजे वेलचीची गोड पावरोटी भाजली. जरा करपली होती, पण आम्ही सगळी संपवली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात रविवारी आइली आत्या कॉफीला आली.

आर्व्होंनी मला बजावलं होतं, तिच्यासमोर स्पर्धेचं अवाक्षर काढायचं नाही. मी फ्रिजवरचे कागदही काढून ठेवले होते. आत्याने एक घोट घेतला आणि सहज विचारलं, "काय रे, टोलेडोवालीला बंदुकीचं तोंड कुठलं ते कळलं का?"

झालं! मी काढून ठेवलेल्यांतलाच एक कागद आर्व्होंनी घडी घालून खिशात ठेवला होता, तो काढला. "हे बघ. पन्नास यार्ड. हिरव्या खोक्यातलं काडतूस. बोल आता!"

आत्याने कागद निरखून पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "छान आहे हं," म्हणाली आणि आणखी एक कप कॉफी पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर फडताळात हिरवं खोकं एकही नाही.

"आइली सकाळीच आली होती," दुकानदार म्हणाला. "होती नव्हती ती सगळी उचलली. मागवतो मी, पण यायला पंधरवडा लागेल."

स्पर्धा शनिवारी. आमच्याकडे दहा-बारा काडतुसं उरलेली. मी ट्रक वळवला आणि थेट आत्याच्या दारात उभी राहिले.

ती मागच्या अंगणात होती. वेस टेबलावर रायफल मांडून बसलेला आणि त्याचा चेहरा पडलेला. कोपऱ्यात हिरव्या खोक्यांची चळत.

"आत्या, ती काडतुसं तुम्हाला कशाला हवीत?"

"कशाला म्हणजे? माझ्या बंदुकीला तर ती मुळीच आवडत नाहीत," आत्या खुशाल म्हणाली. "पण आर्व्होला आवडतात ना."

"हा लबाडपणा आहे."

"मग? अठ्ठावन्न सालापासून तो माझ्याशी लबाडी करतोय. माझी स्की त्याने मोडली आणि खापर कुत्र्यावर फोडलं."

तेवढ्यात वेसने गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन ठीक, मग एकेक करत वर उजवीकडे चढत गेल्या. तो वैतागून म्हणाला, "या वर्षी हिला काय झालंय कोण जाणे! दुर्बीण बदलली, नवी पिशवी आणली..."

मी पाहिलं. नवी पिशवी जाडजूड होती, आणि वेसने तिच्यावर नळीच टेकवली होती.

सांगितलं तर आर्व्हो मला घरात घेणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर काडतुसं मिळणार नाहीत.

"आत्या, वेसच्या रायफलीला काय होतंय ते मी सांगते. मला चार खोकी द्या."

"दोन."

"तीन. आणि वाटेत खायला मांस-बटाट्याची एक पेस्टी."

आत्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "डेलने बायको बरी शोधली म्हणायची," ती म्हणाली आणि पेस्टी गरम करायला आत गेली.

घरी आल्या आल्या मी आर्व्होंना सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा बीटासारखा लाल झाला.

"शत्रूला जाऊन सांगितलंस?"

"तुमची बहीण आहे ती."

"तेच म्हणतोय मी!"

शनिवारपर्यंत ते माझ्याशी फक्त 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलले. पण काडतुसं मात्र त्यांनी एकेक करून हातात घेऊन तपासली.

स्पर्धेच्या दिवशी हवा स्वच्छ होती. मेपलची पानं लाल झाली होती, वारा नव्हता. आधी कागद. आर्व्होंनी आपल्या पाच गोळ्या बऱ्या मारल्या. मग मी बसले. लाकूड पिशवीवर, गाल दस्त्यावर, श्वास अर्धा सोडलेला. चाप ओढायचा आणि तसाच धरून ठेवायचा. पाचही वेळा मी डोकं वर काढलं नाही. काय झालं ते मला लोकांच्या आवाजावरून कळलं.

क्लबाच्या अध्यक्षांनी कागद आणला. पाच भोकांचं मिळून एकच वेडंवाकडं भोक झालं होतं, आणि त्यावर ठेवलेल्या डाइमखाली ते पुरतं झाकलं गेलं.

"आजचा सगळ्यांत चांगला कागद," अध्यक्ष म्हणाले. "कुणाचा हा?"

"माझ्या सुनेचा," आर्व्हो म्हणाले. पाच दिवसांतलं माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. मग तो कागद घेऊन ते क्लबाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकांपर्यंत फिरून आले.

मग उभ्याने लोखंडी तबकड्या पाडायच्या होत्या, प्रत्येकी पाच. माझ्या चार पडल्या. आर्व्हो उभे राहिले. उभ्याने दोन्ही डोळे उघडे ठेवायची त्यांची जुनी सवय.

"मार्ला," ते हळूच म्हणाले, "मला दोन-दोन दिसतायत."

"डावा डोळा मिटा!"

"मिटला तर तोल जातो."

"मग दोन्हींच्या मधोमध मारा."

कसं कोण जाणे, तीन तबकड्या पडल्या. चौथीच्या वेळी मागच्या ढिगाऱ्यातली वाळू उडाली, पाचवीच्याही. वेस आणि आइली आत्याने मिळून आठ पाडल्या, आणि कागदावरही वेसच्या गोळ्या या वर्षी कुठे चढल्या नाहीत, त्यामुळे दोन्ही जोड्यांचे कागदाचे गुण बरोबरीत राहिले. एका तबकडीने अर्धं डुक्कर पुन्हा आत्याकडे गेलं. मला चांगल्या कागदाबद्दल सॉसेजची एक माळ मिळाली.

"तुझ्या तोंडामुळे गेलं डुक्कर," आर्व्हो कॉफीच्या रांगेत म्हणाले.

"आणि सुरुवात कुणाच्या तोंडाने झाली? खिशातून कागद कुणी काढला?"

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते, इतके की कॉफी बशीत सांडली.

आइली आत्या डुकराच्या पुड्या ट्रकमध्ये चढवून आमच्याकडे आली. एक मोठी पुडी तिने माझ्या हातात ठेवली. "ही तुझी. त्याची नाही. आणि ऐक, वेसला पुढच्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन आहे. माझी जोडीदार होशील?"

"तिला विचारायचं नाही," आर्व्हो मध्येच म्हणाले.

"का? तू विकत घेतलीस का तिला?"

"आत्या," मी म्हटलं, "पुढच्या सप्टेंबरात डेल कदाचित सुट्टीवर असेल. मग आर्व्हो आणि डेल एक जोडी, आपण दोघी एक."

आर्व्होंनी कप खाली ठेवला. "डेल? त्याला घरी कशाला बोलावतेस? बोटीवर बरा आहे की तो."

आणि ट्रकच्या दारापाशी जाऊन ते माझ्यासाठी दार उघडून उभे राहिले, जे त्यांनी माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा केलं नव्हतं.