मिठाचा दुसरा डाव

अहो मोठे साहेब, आभाळ्याला क्रेनवरून उतरवलंत तुम्ही, आणि खापर फोडलंत त्याच्याच जिभेवर!

मित्रांनो, मी एक जुना डाव आहे, कारखान्याच्या भटारखान्यातला. जाड पत्रा ठोकून, लांब दांडा जोडून मला घडवलं ते फक्त मीठ घालायला. पातेलंभर भाजीला एक डाव, हे मावशीचं, म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाईचं, माप. तेव्हा भाजीत भाजी असायची. जेवणावर प्रत्येकाला एक फळ मिळायचं. लोक बोटं चाटायचे.

मग कारकून साहेबांच्या सहीची चिठ्ठी घेऊन आला: भाजी निम्मी, फळ बंद, मीठ दोन डाव.

मावशी कडाडली, "माणसांना जेवायला घालायचंय की त्यांचं लोणचं घालायचंय?"

कारकून हसला. "खारट असली की भाजी पुरवून खातात, मावशी. पोट पावावर भरतं." आणि मी टांगलेला असतो त्या खिळ्याच्या वर चिठ्ठी डकवून गेला.

आभाळ्या क्रेन चालवायचा. सगळ्यांच्या डोक्यावर बसतो म्हणून हे नाव. तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मीठ कमी, भाज्या-फळं जास्त. तीन महिन्यांत उतरला नाही तर क्रेन बंद." बायकोनं घरातली मिठाची बरणी माळ्यावर टाकली. पण दोन वेळा तो जेवायचा इथं, आणि घरचा डबा फाटकातून आत आणायला साहेबांचीच बंदी!

एकदा तो भटारखान्याच्या दारात आला. "मावशी, घरी अळणी गिळतोय गं. तरी आकडा हलत नाही. माझंच काही चुकतंय का?"

मावशीनं मला दुसऱ्यांदा भरलं होतं. तिचा हात थांबला. "तुझं नाही रे चुकत," म्हणाली, आणि मीठ परत पोत्यात ओतलं.

कारकुनानं भाजी चाखली मात्र, चिठ्ठीकडे बोट केलं. दुसरा डाव पडलाच. मी काय करणार? मला दांडा आहे, हात नाही.

तीन महिने सरले. आता आभाळ्या त्याच क्रेनखाली झाडू मारतो. त्याच्या बदलीच्या पत्रावर कारण लिहिलंय, 'आहारात निष्काळजीपणा'. मावशीनं ते पत्र माझ्यावरच्या चिठ्ठीशेजारी धरून पाहिलं. सही एकच.

मित्रांनो, आपल्या ताटात मीठ किती पडतं ते रांधणाऱ्याला विचारत जा. लाजू नका.

आणि साहेब, आभाळ्याच्या दंडाला पट्टा बांधून त्याचा रक्तदाब मोजलात. माझ्यातलं मीठ कधी मोजलंत? निष्काळजी कोण? बोला, भटारखान्यात येऊन, मावशीसमोर बोला!