पुसलेला कॉम्प्युटर

या, असे दाराला नका टेकू, जरा पुढं सरका. एका घरातला आवाज हरवला होता, त्याची गोष्ट ऐकवायची आहे.

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा धाकट्या लेकीनं त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतले. मग एक प्रोग्रॅम लिहिला. चित्रावर बोट ठेवलं की अण्णा बोलणार! आवाज गेला, पण अण्णा बोलायचे थांबले नाहीत. देवाची करणी आणि लेकीची मेहनत.

पुढं तो जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. धाकटीनं इंटरनेटवर ठेवलेली त्या प्रोग्रॅमची प्रत नव्या लॅपटॉपवर उतरवली. चित्रं आली, बटणं आली. दादाला म्हणाली, "जुना पुसून टाक, भंगारात द्यायचाय," आणि गेली कामावर.

संध्याकाळी अण्णांनी चित्रावर बोट ठेवलं. चकार शब्द नाही.

धाकटी चक्रावली. आवाज वाढवला, लॅपटॉप बंद करून चालू केला. गाणं लावलं तर खणखणीत वाजलं.

"गाणं वाजतंय, मग अण्णा का वाजत नाहीत?"

"रुसले असतील," दादा म्हणाला.

"तू गप रे!"

कोडं काही केल्या सुटेना. सगळं तर जागच्या जागी होतं. आणि मग तिला आठवलं. प्रत ठेवताना जड फायली वगळायच्या, हा नियम तिनंच कधीकाळी लावला होता. आवाजाच्या फायली जड. इंटरनेटवर त्या कधी गेल्याच नव्हत्या; होत्या फक्त जुन्यात.

"दादा, जुना पुसलास?"

"मी कुठला? आत्याला सांगितलं. केव्हाच पुसलाय तिनं."

धाकटी कपाळाला हात लावून खाली बसली. अण्णा एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले.

आत्या हात पुसत बाहेर आली. "काय गं, काय झालं? चांगला लख्ख पुसलाय की! आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. मागच्या जाळीत केवढी धूळ होती!"

"फडक्यानं?"

"मग काय पदरानं पुसू?"

धाकटी हसावं की रडावं अशा अवस्थेत उठली. वायर जोडली, धापा टाकत जुना सुरू झाला, फायली नव्यात आल्या. अण्णांनी बोट ठेवलं.

"अक्के, माझा चष्मा कुठाय?"

"नाकावर आहे तुझ्या!" आत्या खेकसली.

घरात हसण्याचा कल्लोळ उठला. एवढं काय झालं, ते आत्याला आजवर उमगलेलं नाही. तुम्ही मात्र देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.